काय दिवे लावायचेत, ते असे लावा

गेल्या गुरुवारी एका सादरीकरणाला गेलो होतो. कुणाचं ते जाऊ दे. कोकणात ‘वाया जाणारं’ पाणी उपसून घाटावर आणायचं, पुढे कालव्यातून तुटीच्या खोऱ्यात न्यायचं आणि जाता जाता वीजही काढायची, असा विषय. चहा बरा होता. विसाव्या मिनिटाला दिवे गेले. गुरुवारच तो, आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायचा वार. जनरेटर खोकत होता, तेवढ्यात मनात आलं, एवढं आपल्यालाही जमेल की! तुम्हालाही जमेल. घ्या लिहून.

नकाशावर निळा बाण काढा, चांगला जाड. बाणाला चढ लागत नाही.

समुद्राला मिळालेलं पाणी वाया गेलं, असंच म्हणा. खाडीतल्या मासेमाराला बोलावू नका.

नेहमी मेगावॅट, म्हणजे संचाची क्षमता सांगा, युनिट, म्हणजे प्रत्यक्ष निघालेली वीज, सांगू नका. कोयना १९६० मेगावॅटची. चोवीस तास, वर्षभर चालली तर सतराशे कोटी युनिट होतील. पण पश्चिमेकडे सोडायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) मर्यादा आहे, त्यामुळे प्रत्यक्षात त्याचा पाव हिस्साही निघत नाही. यात कोयनेचा दोष नाही, मागणी चढली की धावायचं हेच तिचं काम. तुम्ही मात्र मेगावॅटचा आकडा लिहा आणि शेजारी उजळलेल्या झोपडीचं चित्र टाका.

कालव्यावरचा वीजसंच आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडायची पाळी, असेल तेव्हाच फिरतो, हे बारीक टायपात.

आता मुख्य गोष्ट. पाणी वर चढवायला किती वीज लागते, हे तक्त्यात येऊ द्यायचं नाही. ‘निर्मिती’ असा रकाना ठेवायचा, ‘वापर’ हा परिशिष्टात, आणि परिशिष्ट छपाईला. मी हात वर करून विचारलं, “साहेब, निव्वळ किती?” उत्तर आलं, “काका, प्रश्न शेवटी घेऊ.” शेवट आलाच नाही, दिवे गेले. अहो, हे आमच्या सोसायटीच्या वॉचमनला कळतं! तो मोटार लावतो, मीटर पळतं, सेक्रेटरी महिन्याचं बिल जिन्यात चिकटवतात आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका त्यावरून भांडतात. इथे घाट आहे घाट, जिना नव्हे. एक टीएमसी म्हणजे २.८३ कोटी घनमीटर. ते पाचशे मीटर चढवायचं तर पंपांत वाया जाणारी वीज धरून पावणेपाच कोटी युनिटच्या आसपास लागतात. वर आल्यावर समजा कालव्यावर पंचवीस मीटरचा उतार मिळाला, तर त्यातून परत मिळणार सतरा लाख. पावणेपाच कोटी घाला, सतरा लाख काढा, आणि त्याला जलविद्युत म्हणा! कुणी म्हणेल, दिवसा सोलरवर पंप चालवू. चालवा ना, पण मग तो खर्चही याच तक्त्यात लिहा, दुसऱ्या खात्याच्या माथी मारू नका.

आणि गंमत बघा. याच सह्याद्रीत मुळशीचं, म्हणजे भीमेच्या खोऱ्यातलं पाणी जवळजवळ शंभर वर्षांपासून उलट्या दिशेने कोकणात उतरतंय. सेनापती बापटांच्या मागे मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ साली धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, धरण झालंच, १९२७ मध्ये खाली कोकणात भिऱ्याचं वीजघर सुरू झालं, वीज गेली मुंबईला. म्हणजे एका घाटात वीज मिळवायला पाणी खाली सोडायचं आणि दुसऱ्या घाटात वीज जाळून पाणी वर चढवायचं. दोन्हींचे निळे बाण एकाच नकाशावर काढू नका बरं का, प्रेक्षकांत एखादा पेन्शनर असतोच.

पुण्याजवळच्या पानशेत आणि वरसगाव धरणांच्या पायथ्याशी आठ-आठ मेगावॅटचे संच आहेत. पाणी तसंही सोडायचंच असतं, सोडता सोडता थोडी वीज निघते. ही साधी, प्रामाणिक पद्धत अजिबात वापरू नका. तिचा फ्लेक्स लागत नाही.

बास झालं. मला आता थट्टा सुचत नाही. पाणी न्यायचं असेल तर न्या. दुष्काळी माणसाला पाणी मिळायलाच हवं, आणि त्यासाठी पाचशे मीटर चढवावं लागत असेल तर त्याची किंमत मोजू, हेही मी म्हणीन. पण ती किंमत सांगा तरी! वीज खाणाऱ्या योजनेला वीज देणारी म्हणून विकायचं, समोरच्याला ‘काका’ म्हणून खाली बसवायचं, याला नियोजन म्हणत नाहीत, लबाडी म्हणतात. कुणी काय दिलं, कुणी काय खाल्लं, दोन आकडे शेजारी-शेजारी मांडायला तुम्हाला लाज कसली वाटते? इंजिनिअर आहात ना?

घरी आलो तर लिफ्ट बंद. पाच मजले चढलो. नळाला पाणी नव्हतं, टाकीत चढवायला वीज नव्हती. वॉचमन म्हणाला, “काका, मोटार लाइट आल्यावर.”