पॉम्पेई दोन तासांत उरकू नका

युरोप टूरच्या प्रोग्राममध्ये "पॉम्पेई – २ तास" असं दिसलं की माझा जीव तुटतो. पहिल्यांदा आम्ही असंच बघितलं, मॅनेजर घड्याळ दाखवत पुढे आणि आम्ही चाळीसजण मागे पळतोय, चौक बघा, एक-दोन घरं बघा, ते प्लास्टरचे देह बघा, चला बसमध्ये. म्हणून मागच्या वर्षी मी आणि आई दोघीच परत गेलो, नेपल्सला चार दिवस राहिलो, आणि आता अगदी कळकळीने सांगते, इटलीत दुसरं काहीतरी गाळा पण याला वेळ द्या.

अहो ६६ हेक्टरचं अख्खं गाव आहे ते! इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं, १७४८ पासून खोदतायत तरी साधारण एक तृतीयांश भाग अजून मातीखालीच आहे. चाकोरी हा शब्द आपण उठसूट वापरतो, पण खरी चाकोरी मी तिथे पहिल्यांदा बघितली, गाड्यांच्या चाकांनी फरसबंदी दगडात पडलेली, आईने हात घातला तर बोटं आत बुडाली. रस्त्यात मधे मधे उंच दगड बसवलेत, घाण पाण्यात पाय न घालता पलीकडे जाता यावं म्हणून, आणि दोन दगडांमध्ये चाक जाईल एवढीच जागा सोडलीय. बेकरीत लाव्हाच्या दगडाची जाती उभी आहेत, माणसाच्या छातीएवढी, गाढवं जुंपून फिरवायचे, आई तिथून हलेचना. एका बेकरीच्या भट्टीत ८१ पाव सापडलेत, कोळसा झालेले पण आकार जसाच्या तसा, वर आठ भागांच्या खुणा.

आणि ते देह म्हणजे पुतळे नाहीत हो. माणसं राखेत गाडली गेली, शरीर कुजून गेलं, घट्ट झालेल्या राखेत पोकळी उरली, त्यात १८६३ साली तिथल्या उत्खननाचे प्रमुख फिओरेल्ली यांनी प्लास्टर ओतलं. तोंडावर हात घेतलेला माणूस आहे तो, त्याच्या शेजारी सेल्फी काढू नका प्लीज.

एर्कोलानोही सोडू नका, म्हणजे जुनं हर्क्युलेनियम. नेपल्सहून पॉम्पेईला जाणाऱ्या लोकल ट्रेनवरच आहे, गाव छोटं, अर्ध्या दिवसात निवांत होतं. तिथे इतकी प्रचंड गरम राख आली की लाकडाचा जागच्या जागी कोळसा झाला आणि टिकला, दारं, तुळया, घरातलं लाकडी पार्टिशन, बाळाचा पाळणासुद्धा! मला तर पॉम्पेईपेक्षा तेच जास्त आतवर भिडलं.

पण खरं सांगायचंय ते नेपल्सच्या म्युझियमबद्दल, जे आमच्या टूरमध्ये नव्हतंच. पॉम्पेईच्या एका घरात १९३८ मध्ये एक हस्तिदंती मूर्ती सापडली, जेमतेम वीतभर, भारतातली, ती या म्युझियममध्ये आहे. तशाच घडणीच्या मूर्ती आपल्या मराठवाड्यातल्या भोकरदनला आणि तेरला मिळाल्यात, त्यामुळे ही आपल्याच भागात घडली असावी असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. (तिकडून इकडे आलेलं बघायचं तर कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये तिथल्याच ब्रह्मपुरीला सापडलेला ब्राँझचा पोसायडन आहे, ग्रीकांचा समुद्रदेव, रोमन लोक त्याला नेपच्यून म्हणायचे.) माझं माहेर जालन्याचं, आईचं भोकरदनजवळच्या खेड्यातलं, आणि शाळेत आम्हाला यातलं एक अक्षर कुणी सांगितलं नाही याचा मला आजही राग येतो.

आई काचेसमोर किती वेळ उभी होती. मूर्तीच्या हातात कोपरापर्यंत बांगड्या, नडगीभर वाळे, एक हात मागे मानेकडे नेलेला, दोन बाजूंना दोन छोट्या दासी. मग हळूच म्हणाली, "एवढ्या लांब ही कुणाच्या सामानातून आली असेल गं?"

तेरचं म्युझियम मीही अजून बघितलेलं नाही. दिवाळीत आईला घेऊन जाणार आहे, गाडीत दोन जागा आहेत, कुणाला यायचं असेल तर कळवा.