नकाशातली खिडकी

आज सकाळी बाबांना घेऊन दवाखान्यात गेले होते. नंबर यायला वेळ होता. समोरच्या भिंतीवर पोस्टर होतं, हिरवंगार मैदान, धावणारं हसरं कुटुंब आणि खाली ठळक अक्षरांत ‘तुमचं आरोग्य तुमच्याच हातात!’ बाबांनी ते वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं आणि म्हणाले, “ताईच्या हातात काय होतं गं?”

तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. लांबलं तर लांबू दे, पण लिहिते.

ताई म्हणजे माझी आत्या. शिवणकाम करायची. तळमजल्यावर एक खोली, त्या खोलीला एक खिडकी. मी लहान असताना त्या खिडकीतून झाड दिसायचं. मग शेजारी इमारत उठली. चोरून नव्हे, रीतसर नकाशा मंजूर करून. दोन इमारतींच्या मधे जागा सोडायचा जो नियम असतो, त्यात सूट मिळाली होती म्हणे. झाड गेलं आणि खिडकीसमोर भिंत आली. हात बाहेर काढला की बोटं टेकायची. दोन भिंतींमधल्या त्या अरुंद डक्टमध्ये सांडपाण्याचे पाइप, कबुतरं, वरून भिरकावलेला कचरा. दुपारी बाराला सूर्य डोक्यावर आला की जेमतेम अर्धा तास उजेड तळापर्यंत उतरायचा. तेवढ्या वेळात आत्या दिवसभराच्या सगळ्या सुयांत दोरा ओवून ठेवायची. दहा-बारा सुया, उशीला ओळीनं टोचलेल्या. आणि कठड्यावर एक आरसा तिरका ठेवलेला, उजेड मशिनवर पडावा म्हणून.

तिला टीबी झाला. औषधं पुरी केली, बरी झाली. काही वर्षांनी परत झाला.

दोन्ही वेळा सल्ला तोच. मोकळ्या हवेत राहा, ऊन घ्या, चांगलं खा, ताण घेऊ नका. सल्ल्यात चूक काहीच नाही. बंद खोलीतल्या हवेत टीबीचे जंतू तासन्‌तास तरंगत राहतात, वारा खेळला की विरतात, उन्हात मरतात. हे सगळं खरं आहे, म्हणूनच तर चीड येते. ज्याला हे माहीत आहे तो चिठ्ठी आत्याला लिहून देतो. नकाशावर सही करणाऱ्याला कोणी चिठ्ठी लिहीत नाही.

आणि हे नवं नाही हो. न्यूयॉर्कमध्ये १८७९ साली कायदा झाला की गरिबांच्या भाड्याच्या इमारतींत प्रत्येक खोलीला खिडकी हवीच. बिल्डरांनी खिडक्या दिल्या! दोन इमारतींच्या मधे एक अरुंद भोक ठेवलं आणि सगळ्या खिडक्या त्यात उघडल्या. कायदा पाळला गेला. त्या भोकात लोक कचरा टाकायचे, आग लागली की तिथूनच वरच्या मजल्यांवर चढायची. हा प्रकार बंद करणारा कायदा यायला १९०१ साल उजाडलं. बावीस वर्षं. आत्याची खिडकी मला तिथलीच वाटते. नकाशात हवा-उजेडाची सोय म्हणून दाखवलेली आणि खोलीत काळोख.

मुंबईत १८९६ साली प्लेग आला, तेव्हा १८९८ मध्ये सरकारनं शहर सुधारायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नावाची संस्था काढली. दाट वस्त्या फोडून रुंद रस्ते केले, समुद्राचा वारा शहरात यावा म्हणून. हेतू चांगलाच. पण घरं पाडली त्या मानानं बांधली कमी, आणि उठवलेली माणसं शेजारच्या वस्त्यांत आणखी दाटीनं राहायला गेली. वारा आला, पण ज्यांच्या नावानं आणला त्यांच्या वाट्याला आला नाही.

तुम्ही म्हणाल, तंबाखू, दारू, आळस हे तर माणसाच्याच हातात असतं ना? असतं. मान्य. आत्यानं आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्ली नाही.

शिकागोचं एक उदाहरण मला सारखं आठवतं. जुलै १९९५ मध्ये तिथे उष्णतेची लाट आली आणि ७३९ माणसं गेली. बरीचशी म्हातारी, एकटी, गरीब वस्त्यांतली. चोरी-मारामारीच्या भीतीनं दारं-खिडक्या लावून आत बसलेली. ऊन सगळ्या शहरावर सारखंच होतं. पण नॉर्थ लॉनडेल आणि साऊथ लॉनडेल या शेजारशेजारच्या दोन वस्त्यांत मृत्यूचं प्रमाण जवळजवळ दहापट वेगळं होतं. साऊथ लॉनडेलमध्ये, जिथे कमी माणसं गेली, दुकानं चालू, रस्त्यावर माणसांची वर्दळ, म्हातारी माणसंही बाहेर पडत होती. नॉर्थ लॉनडेलमधली दुकानं, कारखाने वर्षानुवर्षं बंद पडत गेलेले, रस्ते ओस. आता त्या बंद खिडकीआड मेलेल्या आजीला सांगा, की आरोग्य तुझ्याच हातात होतं.

रागाच्या भरात एक गोष्ट लपवत होते, ती लिहूनच टाकते. मीही आत्याला तेच सांगितलंय. नोकरीला लागले होते, चार गोष्टी वाचल्या होत्या. म्हटलं, “आत्या, रोज सकाळी जरा फिरायला जात जा ना.” ती म्हणाली, “मग कपडे कोण शिवणार?” नाही, असं म्हणाली नाही ती. नुसती हसली आणि उशीवरची एक सुई काढून कामाला लागली. तेव्हा बारा वाजून गेले होते, खोलीत दिवा लावलेला होता. मला तेव्हाही दिसलं नाही.

ती गेली तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होती. शेजारच्या त्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारे एक काका तिच्याच वयाचे. अजून ठणठणीत आहेत, देव त्यांना बरं ठेवो. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांच्या घरात चारही बाजूंनी वारा येतो एवढंच.

पुढच्या वेळी विकास आराखड्यावर हरकती आणि सूचना मागवतील तेव्हा मी लिहून देणार आहे. तुमच्यापैकी ज्यांना जमेल त्यांनीही द्या. लिहायचं एवढंच, की घराला खिडकी आहे का हे विचारू नका, खिडकीसमोर किती फूट मोकळं आहे ते मोजा. तळमजल्यावर जाऊन मोजा. आणि दुपारी बाराला जाऊ नका, चारला जा.