माणसाची हिपॅटायटिसची लस कुत्र्याला टोचू नका

"हिपॅटायटिस कुत्र्याकडून मांजराला, कोंबड्यांना आणि माणसांना होतो. कुत्र्याचे डोळे पिवळे दिसले तर त्याला घराबाहेर काढा. बाकीच्या कुत्र्यांना माणसाची हिपॅटायटिस बीची लस अर्धी टोचा. आजारी कुत्रा आठवड्यात बरा झाला तर धोका संपला. अंडी आणि डुकराचं मांस कायमचं बंद." हा निरोप फिरत फिरत मावशीपर्यंत पोहोचला आणि ती पिल्लासाठी लस शोधायला लागली. म्हणून हे उत्तर.

आधी लशीचं, कारण खरं नुकसान तिथे आहे. हिपॅटायटिस म्हणजे यकृताला आलेली सूज. ते कुठल्या एका विषाणूचं नाव नाही. कुत्र्यांच्या संसर्गजन्य हिपॅटायटिसचा विषाणू म्हणजे कॅनाइन अडिनोव्हायरस-१. माणसाच्या बी विषाणूशी त्याचं काही नातं नाही. बीच्या लशीत बी विषाणूच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन असतं. कुत्र्यात प्रतिपिंडं (रोगाशी लढणारी रक्तातली प्रथिनं) तयार झालीच, तरी ती त्या प्रथिनाविरुद्ध. अडिनोव्हायरसपुढे त्यांचा उपयोग शून्य. घरचे 'लस झाली' म्हणून निर्धास्त होतात आणि पिल्लू उघडं पडतं.

कुत्र्यांच्या एकत्रित लशीच्या नावातला 'एच' हिपॅटायटिसचाच आहे. गोंधळ बहुधा तिथून सुरू झाला. पण त्या लशीत सहसा अडिनोव्हायरस-२, म्हणजे टाइप १ चा जवळचा नातलग, असतो. टाइप १ च्या जुन्या जिवंत लशींमुळे काही कुत्र्यांचा डोळा निळसर, धूसर व्हायचा. टाइप २ ने ते टळतं आणि संरक्षण दोन्हींपासून मिळतं. पहिला डोस पिल्लू ६ ते ८ आठवड्यांचं असताना, मग दर २ ते ४ आठवड्यांनी, किमान १६ आठवड्यांचं होईपर्यंत. मधला डोस गाळू नका. आईकडून आलेली प्रतिपिंडं लस निष्प्रभ करतात आणि ती कोणत्या पिल्लात कधी ओसरतील हे बाहेरून कळत नाही.

"बरा झाला, धोका संपला" हेही तितकंच घातक. बरा झालेला कुत्रा ६ महिने किंवा त्याहून जास्त काळ लघवीतून विषाणू सोडत राहतो. लस पूर्ण न झालेली पिल्लं त्याच्यापासून आणि त्याच्या भांड्यांपासून लांब ठेवा. या विषाणूला स्निग्ध आवरण नसतं, त्यामुळे स्पिरिटने पुसण्यावर विसंबू नका. फरशी आणि भांडी आधी धुऊन घ्या, मग १ ते ३ टक्के सोडियम हायपोक्लोराइट (ब्लीच) वापरा.

मांजर, कोंबडी, माणूस? या विषाणूने त्यांना हिपॅटायटिस होत नाही. तो जातो कोल्हे, लांडगे, अस्वलं यांच्यात. कोल्ह्यात तर तो यकृतापेक्षा मेंदूवर जास्त हल्ला करतो. विषाणू तोच, पण तिथे आजार मेंदूदाहाचा.

पिवळ्या डोळ्यांबाबत एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते, निरोपाने दिलेलं कारण चुकीचं असलं तरी. कुत्र्याच्या काविळीमागे लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. तो जिवाणूंचा आजार लघवीतून माणसाला खरोखर होतो. म्हणून लघवी हातमोजे घालून साफ करा आणि त्याच दिवशी रक्त-लघवीची तपासणी करून घ्या. बाहेर सोडलेला कुत्रा उपचारांविना राहतो आणि जाईल तिथे लघवी करतो.

अंड्यांचा मुद्दा निराधार आहे. कोंबड्यांचा स्वतःचा हिपॅटायटिस ई विषाणू आहे, पण त्याची माणसाला लागण झाल्याचं आढळलेलं नाही.

डुकराबद्दल अर्धं खरं आहे. हिपॅटायटिस ईचे जनुकप्रकार १ आणि २ माणसांपुरते. ३ आणि ४ डुक्कर, रानडुक्कर, हरीण यांच्यातून माणसात येतात. डुक्कर सहसा आजारी दिसतही नाही. सगळ्यात भक्कम पुरावा जपानमधला, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००३ साली आलेला. हरणाचं कच्चं मांस खाल्लेल्या चौघांना ६-७ आठवड्यांनी हिपॅटायटिस ई झाला. उरलेलं मांस गोठवून ठेवलेलं होतं. त्यातल्या आणि रुग्णांमधल्या विषाणूचा जनुकीय क्रम तंतोतंत जुळला. त्याच घरांतल्या ज्यांनी ते मांस खाल्लं नव्हतं किंवा अगदी थोडं खाल्लं होतं, त्यांना लागण झाली नाही.

यातून मांस कायमचं बंद करा असं निघत नाही. ते कच्चं किंवा अर्धकच्चं खाऊ नका, एवढंच निघतं. यकृत आणि यकृत घातलेले सॉसेज यांना विशेष जपा. एका प्रयोगात विषाणू पूर्ण निष्क्रिय व्हायला मांसाच्या आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअस तापमान २० मिनिटं ठेवावं लागलं. वरवर परतून ते होत नाही. कच्च्या यकृताची सुरी आणि फळी वेगळी ठेवा. अवयवरोपण झालेल्यांनी तर अर्धकच्च्याच्या वाटेलाच जाऊ नये, कारण हिपॅटायटिस ईचा जनुकप्रकार ३ त्यांच्या शरीरात ठाण मांडून यकृत हळूहळू निकामी करू शकतो.