आत्याला फक्त सहीपुरतं बोलावता का?

काटोलकडचं आमचं गावचं घर पाडायचं ठरलंय. मी नागपुरात मानेवाड्याला, भाऊ पुण्याला, गावात कोणीच नाही, माकडांनी कवेलू इतके फोडलेत की मागच्या पावसाळ्यात माजघरात पाणी साचलं, त्यामुळे पाडायला माझा विरोध नाही. पण हक्कसोडपत्रावर सही पाहिजे म्हणून गेल्या महिन्यात मोठ्या आत्याला गावी नेलं आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये.

78 वर्षांची बाई, गुडघे धरून गाडीतून उतरली, कुलूप उघडल्याबरोबर सरळ डावीकडच्या अंधाऱ्या खोलीत गेली आणि म्हणाली, "हे बाळंतिणीची खोली होय. तुहा बाप इथंच झाला, मीनं त्याले पह्यल्यांदा या दारातून पाह्यलं." मला तर जन्मभर ती तुरीची पोती ठेवायची खोली म्हणूनच माहीत!

मग ती बोलतच सुटली. भिंती दोन हात जाड, मातीचा एक थर वाळल्याशिवाय दुसरा चढवायचा नाही म्हणून घराला दोन उन्हाळे लागले. सागाच्या मयाली, म्हणजे छताच्या तुळया, पणजोबांनी संत्र्याचा आंबिया बहार विकून आणल्या. ओसरीत ज्वारीचं पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा होता, तो उघडला की आधी आत दिवा सोडायचे, दिवा विझला तर कोणी उतरायचं नाही. आम्ही मे महिन्यात त्याच ओसरीत पंख्याशिवाय झोपायचो, आणि आता माझ्या फ्लॅटची भिंत रात्री अकरालाही हाताला गरम लागते.

ट्रंकेत कागद निघाले. 1954 च्या एका पावतीवर पत्ता काय, तर जिल्हा नागपूर, मध्यप्रदेश. माझ्या पोरांना खरंच वाटेना. अरे 1956 पर्यंत नागपूर मध्यप्रदेशची राजधानी होती, मग आपण मुंबई राज्यात गेलो आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्रात. आत्याला हे पाठ, तिच्या शाळेतला नकाशाच बदलला होता ना.

आणि त्या सगळ्या कागदांत, ग्रामपंचायतीच्या नमुना आठपर्यंत (घराच्या कर आकारणीचा उतारा), एकाही बाईचं नाव नाही. पणजोबा, आजोबा, बाबा, आता आम्ही. आजीनं उभा जन्म ते घर सारवलं, घरातली खुंटी न् खुंटी आत्याला माहीत, आणि आम्ही तिला बोलावलं कशाला, तर नाव सोडून दे म्हणायला. 2005 पासून कायद्यानं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, तरी आपल्याकडे रीत काय, भाऊबीजेची साडी घ्या आणि सही द्या. हे चूक आहे, मी स्पष्ट म्हणतो. माझ्या बॅगेत कागद होता, मी काढलाच नाही. भाऊ नाराज आहे, असू दे. वाटा तिचा आहे, सोडायचा असेल तर ती आपणहून सांगेल, आपण विचारायचंही नाही.

तुमच्याकडे अशी आत्या असेल तर घर पाडायच्या आधी तिला एक दिवस त्या घरात न्या, फोनवर रेकॉर्डिंग लावा आणि तिला बोलू द्या.

निघताना तिनं एकच मागितलं. माळ्यावरचा लाकडी बैल. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याला, तो तिचे भाऊच न्यायचे, तिला कधी दोरी धरू दिली नव्हती. एक शिंग तुटलंय त्याचं. नागपूर येईपर्यंत मांडीवर घेऊन बसली होती.