नाही म्हणा, पण बुकिंगच्या आधी म्हणा

पाळीव कुत्र्याला आत घ्यायचं की नाही, हा ज्याच्या त्याच्या जागेचा प्रश्न आहे. सुरुवातीलाच लिहून टाकते, म्हणजे कॉमेंटमध्ये 'आमची जागा, आमचे नियम' म्हणत कुणी अंगावर यायला नको. 'नाही' ऐकायची सवय आहे मला. डोकं फिरतं ते 'या की, बघू' या उत्तरानं.

आमचा सर्जा मुधोळ आहे. लांबट तोंड, सडपातळ, फासळ्या बाहेरून मोजाव्यात असा. रंकाळ्यावर रोज कुणीतरी विचारतंच, "वहिनी, याला जेवायला घालता का न्हाई?" घालतो हो. जातच पळणाऱ्याची आहे. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानातलं हे शिकारी कुत्रं. २००५ साली टपाल खात्यानं चार भारतीय जातींच्या कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळही होता. म्हणजे पाकिटावर चिकटून हा देशभर फिरू शकतो, पण आमच्याबरोबर गणपतीपुळ्याला जायचं म्हटलं की अडलं.

कॅरॅव्हॅनचं, म्हणजे चाकांवरच्या घराचं, खूळ डोक्यात शिरलं ते सासूबाईंमुळं. त्यांचे गुडघे गेलेत, दर थोड्या वेळानं थांबावं लागतं, आणि घाटात धड स्वच्छतागृह सापडत नाही. सर्जाला मागं ठेवायचं तर दिवाळीत आणि मे महिन्यात बोर्डिंगवाले आधीच फुल्ल. शिवाय घरचं माणूस दिसलं नाही की हा अन्नाला तोंड लावत नाही. लांब जायचं आणि रेल्वेनं न्यायचं म्हटलं, तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे नाहीतर केबिन आपल्या नावावर पाहिजे, आणि ती मिळाली की नाही हे चार्ट लागेपर्यंत कळत नाही. नाहीतर गार्डच्या डब्यातली कुत्र्यांची पेटी. त्या पेटीत मी सर्जाला घालणार नाही, विषय संपला. म्हणून म्हटलं, घरच भाड्यानं घ्यावं. आत पलंग, छोटा फ्रीज, शौचालय, पाण्याची टाकी. आई आत, सर्जा आत, कुणाच्या काउंटरवर हात जोडायला नकोत.

तर मंडळी, हात जोडावे लागतातच, आणि तेही दोन ठिकाणी. कारण गाडीचा मालक एक असतो आणि रात्री गाडी जिथं लागते त्या जागेचा मालक दुसरा. एकाचा होकार दुसऱ्याला लागू होत नाही.

गाडीवाल्याचं मला निदान पटतं. कुत्र्याचे केस सीटच्या शिवणीत अडकतात, वास राहतो, पुढचं गिऱ्हाईक नाक मुरडतं. गाडी धुऊन वाळवायची तर त्याचं एक दिवसाचं भाडं बुडतं. डिपॉझिट वाढवून घेतलं, पलंगावर चढू द्यायचं नाही म्हणाला, आणि कुत्र्याला गाडीत एकटं सोडायचं नाही अशी अट घातली. सगळं कागदावर. आम्ही सही केली आणि आंबा घाटानं खाली उतरलो. (घाटात माकडं दिसल्यावर सर्जानं जो दंगा केला, त्यावर वेगळी पोस्ट होईल.)

जागेवाल्यानं फोनवर सांगितलं होतं, "चालतात हो प्राणी, आमच्याकडे पण दोन आहेत." पोचलो तर गेटवर म्हणतात, "एवढा मोठा? मला वाटलं ते पांढरं केसाळ असतं ना, तसलं काहीतरी असेल." बरं, जात फोनवर सांगितली होती. मुधोळ म्हटल्यावर त्यांनी "हो हो" केलं होतं. आता त्यांची अट अशी की कुत्र्यानं गाडीतून खाली उतरायचं नाही. म्हणजे एकाचा नियम, कुत्रं गाडीत एकटं राहता कामा नये. दुसऱ्याचा नियम, कुत्रं गाडीबाहेर येता कामा नये. दोन्ही पाळायचे तर आमच्यापैकी एकानं कायम गाडीत बसायचं. तसंच झालं. जेवायला पाळीपाळीनं, समुद्रावर पाळीपाळीनं. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "तुम्ही जावा दोघं, मी बसते याच्याजवळ. तसंही वाळूत मला चालता येत नाही." ज्यांच्यासाठी ही गाडी घेतली, त्याच पाळतीवर!

कुणी म्हणेल, एसी लावून तासभर ठेवायचं की. त्यांनी एक लक्षात घ्या. बाहेर २४ अंश असले तरी बंद मोटारीत दहा मिनिटांत ३४ च्या आसपास जातं आणि अर्ध्या तासात चाळिशी ओलांडते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते धापा टाकूनच गार होतं, आणि आतली हवाच तापली की धाप लागून उपयोग नसतो. गाडी उभी असताना तिचा एसी चालतो तो जागेवरच्या विजेवर किंवा जनरेटरवर. कोकणात लाइट कधी जाईल हे महावितरणलासुद्धा सांगता यायचं नाही, आणि जनरेटर रात्री लावला तर शेजारची गाडी उठून भांडायला येते. तेव्हा गाडीवाल्याची 'एकटं सोडू नका' ही अट मला शहाणपणाचीच वाटते. राग आहे तो दुसऱ्या अटीवर, जी गेटवर जन्माला आली.

असले प्रकार फक्त कॅरॅव्हॅनचेच नाहीत. एका दत्तक्षेत्री लॉजवर रूम मागायला गेलो होतो. मॅनेजरच्या डोक्यावर दत्तगुरूंची हार घातलेली तसबीर, पायाशी चार कुत्री. खाली आम्ही एक घेऊन उभे. "ताई, कुत्रं चालत न्हाई हितं." मी नुसतं वर बघितलं. त्यानंही बघितलं. म्हणाला, "ती फोटोतली हायत हो." यावर काय बोलणार? पण त्या माणसाला माझे पैकीच्या पैकी मार्क. अर्ध्या मिनिटात स्पष्ट नाही म्हणाला, आम्ही गाडी वळवून उजेडात घरी पोचलो.

बाकी कोल्हापूर जनावरांना जीव लावतं. नांदणीच्या मठातल्या हत्तिणीसाठी २०२५ मध्ये हजारो माणसं रस्त्यावर उतरली, सगळ्या देशानं पाहिलं. त्यामुळं आपल्याकडच्या लोकांना जनावर नको असतं, असं मला वाटत नाही. त्यांना कटकट नको असते. आणि कटकट कुठली होणार हे आधी ठरवलेलं नसलं, की आयत्या वेळी सगळ्यात सोपं म्हणजे हात वर करणं.

महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. कॅरॅव्हॅन पार्क उभे राहावेत, तिथं पाणी, वीज, रस्ता असावा, व्यावसायिकांनी पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करावी, असं सगळं त्यात आहे. चांगलं आहे. माझी मागणी अगदी किरकोळ आहे. नोंदणीच्या अर्जात आणि बुकिंगच्या पानावर कुत्र्यासाठी जागा ठेवा. चालतं का? केवढं चालतं? गाडीबाहेर साखळीनं बांधता येईल का? जादा पैसे किती? अँटी रेबीजचा दाखला बघणार का? 'पेट फ्रेंडली' लिहून पंजाचं चित्र लावलं की झालं, असं नाही. त्या पंजाचं माप पण लिहा.

माझी एक चुलतबहीण वेल्समध्ये असते. तिकडं समुद्राकाठी एकाच जागी कायम उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅन सुट्टीला भाड्यानं मिळतात, आणि पुष्कळ ठिकाणी त्यातल्या काही ठरावीक कॅरॅव्हॅनच कुत्रेवाल्यांना देतात. बाकीच्या ॲलर्जीवाल्यांसाठी, किंवा ज्यांना नकोच आहे त्यांच्यासाठी सुट्या राहतात. कुत्र्यामागं वेगळं भाडं, सोफ्यावर बंदी, एकटं ठेवायला बंदी. उन्हाळ्यात तिथल्या बऱ्याच किनाऱ्यांवर तर कुत्र्याला पायच ठेवू देत नाहीत. म्हणजे लाड अजिबात नाहीत! पण घरून निघताना हे सगळं तुम्हाला ठाऊक असतं. दहा गाड्यांची जागा असेल तर कडेच्या दोन कुत्रेवाल्यांना द्यायला आपल्याकडंही खर्च काय येणार?

आता आपल्या कुत्रेवाल्या मंडळींना. रागावलात तरी चालेल. रूमच्या टॉवेलनं कुत्रं पुसणारे, स्विमिंग पूलमध्ये उतरवणारे, दुसऱ्याच्या अंगणात घाण झाली की आकाशाकडं बघणारे, आणि पोरं घाबरून रडत असताना "काही करत नाही हो तो" म्हणणारे, तुमच्यामुळं आम्हाला गेटवरून परत फिरावं लागतं. बुकिंगमध्ये कुत्र्याचं नाव न काढता थेट दारात उतरवणारे तर सगळ्यात वाईट. शेतावरच्या पर्यटनवाल्याच्या कोंबड्या असतात, गाभण गाय असते. मुधोळासमोर कोंबडी पळाली की पुढचं सांगायला नको. तो नाही म्हणाला तर त्याचं बरोबरच आहे.

तसंच अभयारण्याचं. "राधानगरी-दाजीपूरला कुत्रं का नेऊ देत नाहीत?" असं एका ग्रुपवर कुणीतरी तावातावानं विचारलं होतं. नेऊच नये. २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून जास्त सिंह दगावले, त्यातल्या काहींमध्ये कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला. कुत्र्यांमध्ये पसरणारा आजार आहे तो. आपल्या कुत्र्याला लस दिलीय, मान्य. पण गव्यांच्या जंगलात वास घेत फिरायला त्याला आणखी दुसऱ्या जागा आहेत.

सध्या आंबोलीवरून खाली तारकर्लीकडं जायचं घाटतंय. पाऊस ओसरला की. (पावसात नेणाऱ्यांनी गोचिडाचं औषध आणि लेप्टोची लस विसरू नका.) त्या बाजूला कॅरॅव्हॅन लावायला देणारी जागा कुणाच्या ओळखीत असेल, तर कॉमेंटमध्ये जागेचं नाव, तुमच्या कुत्र्याची जात आणि ते रात्री कुठं झोपलं, एवढं लिहा. नुसतं 'लई भारी जागा आहे, जाऊन या' लिहिणाऱ्यांना सर्जाला घेऊन भेटायला येईन.