ताप उतरला म्हणजे चिकनगुनिया संपला?

पावसाळ्यात व्हॉट्सअॅपवर अशा अर्थाचा मजकूर हमखास फिरतो: ‘चिकनगुनिया चिकन खाल्ल्याने होतो. रिपोर्ट निगेटिव्ह आला तर निश्चिंत राहा. सांधे दुखले तर डायक्लोफेनॅक घ्या. ताप उतरला की आजार संपला.’

चिकनचं आधी उरकू. हे नाव आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतलं, अर्थ ‘वाकून जाणं’. टांझानियात १९५२-५३ च्या साथीत रुग्ण सांधेदुखीने असे वाकले होते. विषाणू पसरवतो एडिस डास. बार्शीत १९७३ साली साथ आली ती काही कोंबड्यांमुळे नव्हे.

रिपोर्ट कोणत्या दिवशीचा, हे आधी विचारा. आयजीएम ही रक्तचाचणी ज्या प्रतिपिंडांचा (शरीर विषाणूशी लढायला बनवतं त्या प्रथिनांचा) शोध घेते, ती साधारण पाचव्या दिवसापासून सापडू लागतात. तापाच्या दुसऱ्या दिवशीचं ‘निगेटिव्ह’ म्हणूनच फारसं कामाचं नाही. तेव्हा थेट विषाणूचाच शोध घेणारी आरटी-पीसीआर चाचणी लागते.

डायक्लोफेनॅकचा सल्ला मात्र घातक आहे. सुरुवातीला डेंग्यू आणि चिकनगुनिया नुसत्या लक्षणांवरून खात्रीने वेगळे काढता येत नाहीत. डास तोच, आणि कधी दोन्ही एकदमच होतात. डेंग्यू असेल तर डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अॅस्पिरिन यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल: मोठ्या माणसाला ५०० मिलिग्रॅमची गोळी, दर सहा तासांनी. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच, तेही मोजा. नाहीतर नकळत दुप्पट डोस पोटात जातो आणि भार यकृतावर पडतो.

आता ‘संपला’बद्दल. चिकनगुनियाचं खरं दुखणं पुष्कळदा ताप गेल्यावर उरतं. मनगटं, घोटे, बोटांची पेरं, बहुधा दोन्ही बाजूंची. सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, बाटलीचं झाकण फिरत नाही, तासाभराने सांधे जरा मोकळे होतात. बहुतेकांचं काही आठवड्यांत ओसरतं. काहींचं, विशेषतः उतारवयात किंवा आधीच सांधेदुखी असेल तर, महिनोन्महिने चालतं. तीन महिन्यांनंतरही सूज असेल तर संधिवाततज्ज्ञांना दाखवा. मधल्या काळात कुणी सुचवलं म्हणून स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊ नका. नाकावर काळपट डाग पडले तर घाबरू नका, ते हळूहळू फिके होतात.

आणि तो ताप डेंग्यूचा निघाला, तर उतरल्यानंतरचे २४ ते ४८ तासच सर्वांत जोखमीचे. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, कमालीची ग्लानी, चार-सहा तास लघवीच न होणं, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.