ड्युअल अ‍ॅक्शन मशीनने स्क्रॅच जात नाहीत, हे खरं नाही

म्हापशाकडे व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरतोय की गाडीच्या रंगावरचे स्क्रॅच काढायचे तर रोटरी पॉलिशिंग मशीनच पाहिजे, ड्युअल अ‍ॅक्शन (ज्याचं पॅड गोल फिरतं आणि डगमगतंही) म्हणजे नुसतं वॅक्स लावायला. चुकीचं आहे हे. रोटरी एकाच अक्षावर गोल फिरते म्हणून पटकन कापते पण तापवतेही पटकन, आणि नवशिक्याच्या हातात पत्र्याच्या कडेचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, उडतो, जो मुळात साधारण ३५ ते ५० मायक्रॉनच असतो, एकदा गेला की गेला. ड्युअल अ‍ॅक्शनला मायक्रोफायबर पॅड आणि कंपाउंड (जास्त कापणारं, भरड पॉलिश) लावा, धुण्याचे बारीक ओरखडे आरामात जातात. पण आधी फूटभर जागेवर बारीक पॉलिश करून बघा, नाही गेलं तरच कंपाउंड. नखाला अडकणारा स्क्रॅच पॉलिशने जात नाही. आणि आपली ती गोव्याची लाल धूळ आधी नीट धुवा प्लीज, नाहीतर पॅडखाली तीच घासत बसते.